भाता

कापसाचा हंगाम लागला की आमच्या घरी पेटी रोज वाजायची. होळीनंतर ती आठवड्यातून एखाद्या वेळी निघायची आणि पावसाळ्यात जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून कपाटावर चढायची. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, दिवाळी आली की साहेबांच्या घरी मौज सुरू होते. आईला खरं काय ते माहीत होतं. बाबांचा दिवस जितका वाईट गेला असेल तितकी पेटी लांबायची. सुखाच्या दिवसांत त्यांना तिची आठवणसुद्धा होत नसे.

बाबा ग्रेडर होते. आजच्या मुलांना हे पद सांगून समजत नाही, म्हणून थोडं मागं जावं लागतं. महाराष्ट्रात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. पिकवणाऱ्यानं कापूस योजनेच्या केंद्रावरच घालायचा, खासगी व्यापाऱ्याला विकायचा नाही, असा कायदा. सीतादहीची पूजा होऊन वेचणी सुरू झाली की थोड्याच दिवसांत बैलांच्या बंड्या केंद्राकडे निघायच्या. आमचं नेर हे यवतमाळहून अमरावतीला जाताना लागणारं तालुक्याचं गाव, जुन्या कागदांवर नेर परसोपंत. सगळीकडे काळी जमीन, कापूस आणि तूर, ओलिताची सोय मोजक्यांकडे. बाकीच्यांचं सगळं वर्ष पावसावर, आणि त्या वर्षाची सगळी कमाई एका बंडीत.

त्या बंडीत ग्रेडरनं कोपरापर्यंत हात घालायचा. वरवरचा नाही, तळचा पुंजका ओढून काढायचा. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा लांबवायचा, किती लांबीला तुटतो ते पाहायचं. पत्ती किती, कवडी किती, फरदड मिसळली आहे का, ओल आहे का. हे सगळं मिनिटभरात. मग तोंडातून एक शब्द काढायचा. वरची प्रत, मधली प्रत की खालची, त्या एका शब्दावर क्विंटलचा भाव ठरे. त्यावर बियाण्याची उधारी, मुलीचं लग्न, दवाखान्याचं बिल. पैसेही एकदम हातात पडत नसत, चुकारे हप्त्या-हप्त्यानं मिळत. त्यामुळे शेतकऱ्याच्या लेखी त्याचं नशीब दिल्लीत नव्हतं की मुंबईत नव्हतं, ते ग्रेडरच्या त्या मिनिटात होतं. बाबांना तशी मिनिटं दिवसभरात शंभरावर यायची.

शिव्या खायच्या, त्या तर त्यांनी पगारातच धरलेल्या होत्या. हात जोडणारे मात्र त्यांना सोसत नसत.

संध्याकाळी घरी आले की अंगावर, भुवयांवर, कानाच्या पाळीवर रुईचे तंतू. न्हाणीत हातपाय धुवायचे, चहा नको म्हणायचा आणि बैठकीत सतरंजीवर पेटी उघडायची. पहिली पाच-दहा मिनिटं काही वाजवायचे नाहीत. नुसता सा आणि प, दोन पट्ट्या दाबून ठेवलेल्या, आणि डाव्या हातानं भाता. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही असा घरात न सांगितलेला नियम होता. हिशेबाची वही घेऊन मी दारात उभी राहिले की आई चुलीजवळूनच मान हलवायची, अजून नाही. मग सरगम सुरू व्हायची, आधी संथ. मग भूप. कधी दुर्गा, कधी काफी. शेवटी भैरवी आली की आई तवा चढवायची, कारण आता ते जेवायला बसणार आणि आता त्यांना विचारलेलं ऐकू येणार.

एवढेच राग त्यांना येत होते. लहानपणी देवळात पेटी धरणाऱ्या एका मास्तरांनी शिकवलेलं तेवढं भांडवल. यमन येतो असं ते म्हणायचे, पण तीव्र मध्यमापाशी त्यांचं बोट दर वेळी अडखळायचं आणि ते हसून भूपात परत जायचे. त्यांनी कधी परीक्षा दिली नाही, गणपतीत वाजवलं नाही, लग्नाकार्यात कुणी आग्रह केला तर पानाचं निमित्त काढून उठायचे. घरी आलेल्या पाहुण्यापुढे पेटी उघडली गेल्याचं मला आठवत नाही. मला पुढे कितीतरी चांगले वाजवणारे ऐकायला मिळाले. बाबा त्यांच्या पासंगालाही पुरले नसते. पण आपल्याकडे वाद्य म्हटलं की लगेच मैफल, गुरू, घराणं, बक्षीस असं सगळं येतं, आणि घरात कुणासाठीच न वाजवलेल्या वाद्याबद्दल कुणी लिहीत नाही. माझ्या अंदाजानं महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त पेट्या अशाच वाजल्या असतील.

पेटी अमरावतीहून आणलेली, वापरलेली. आधी ती एका कीर्तनकाराकडे होती. दुहेरी सुरांची, खर्ज आणि नर, साडेतीन सप्तकांची. हे वाद्य मुळात आपलं नाही. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी १८४० च्या सुमारास ते घडवलं, तेव्हा त्याचा भाता पायानं चालवायचा होता. आपल्याकडचा वाजवणारा मांडी घालून बसतो, त्याचे पाय मोकळे कुठून असणार? कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या आसपास भाता मागच्या बाजूला आणून हाताला जोडला, तेव्हा ते बैठकीचं वाद्य झालं. मराठी माणसानं तर ते नाटकाबरोबर घरातच घेतलं. गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवाला १९११ मध्ये 'मानापमान'च्या चाली बांधत होता, तेव्हापासून पांढरपेशा घरात पेटी असणं ही रीतच झाली. वऱ्हाडात ती भजनी मंडळांतून खेड्यापर्यंत पोचली.

हंगामात बाबांच्या पेटीला एक खास दुखणं व्हायचं. मधलाच एखादा सूर मुका पडायचा. पितळेची सुरी तिच्या चौकटीत केसभर फटीतून हलते, आणि हवेबरोबर आत ओढला गेलेला एखादा तंतू त्या फटीत अडकला की झालं. धूळ कुणाच्याही पेटीत जाते, बाबांच्या पेटीत रुई जायची. रविवारी ते स्क्रू काढून वरचा तक्ता उचलायचे, मला टॉर्च धरायला लावायचे आणि पातळ कागदाची पट्टी सुरीखालून अलगद सरकवून तंतू बाहेर काढायचे. "पाय," म्हणायचे, "हा कोनाचा असंन?" कुठल्या तरी गावच्या कुठल्या तरी बंडीतला तो तंतू. ते तो लांबवून पाहायचे आणि सवयीनं प्रतही सांगून टाकायचे.

सुरी फार खरवडायची नाही हे त्यांनी मला तेव्हा शिकवलं. टोकाकडे घासली तर सूर चढतो, बुडाशी घासली तर उतरतो, आणि चूक झाली तर दोन्हीकडे घासत घासत सुरीच कामातून जाते. मला पेटीतलं जे काही कळतं ते सारं दुरुस्तीच्या बाजूनं. वाजवायला मी शिकले नाही.

आता रांगेबद्दल सांगते.

केंद्रात दिवसाला जितका कापूस मोजून व्हायचा त्याच्या कितीतरी पट बाहेर उभा असायचा. रांग फाटकातून निघून रस्त्याला लागायची. बैल सोडलेले, बंडीखाली गोधडी, पऱ्हाटीचा जाळ, त्यावर चहा. लोक दोन-दोन, तीन-तीन दिवस तिथंच. थंडी अशी पडायची की सकाळी बैलांच्या पाठीवर दव चमकायचं. आणि रात्री खंजिरी.

वऱ्हाडात खंजिरी म्हटली की तुकडोजी महाराज. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला १९०९ मध्ये जन्मलेला हा माणूस एका हातात खंजिरी घेऊन गावोगाव फिरला. मोझरीला १९३५ मध्ये त्यांनी गुरुकुंज उभारलं, 'ग्रामगीता' लिहिली, १९६८ मध्ये ते गेले. त्यांच्यानंतरही आमच्याकडे गाव तिथं गुरुदेव सेवा मंडळ आणि मंडळ तिथं खंजिरी राहिली. शेतातून आल्यावर सामुदायिक प्रार्थनेला बसणारा माणूस कापसाच्या रांगेत आला म्हणून प्रार्थना चुकवत नसे. त्यामुळे आठच्या सुमाराला रांगेत कुठंतरी थाप पडायची, झांजा छणछणायच्या आणि आवाज उठायचे. आमचं भाड्याचं घर केंद्रापासून फार लांब नव्हतं. वारा तिकडून असला की शब्द कळायचे नाहीत, पण सूर ओसरीवर पोचायचा.

एका वर्षी जानेवारीत अवकाळी पाऊस झाला. रांगेतल्या बंड्यांवर ताडपत्र्या ओढल्या, पण सगळ्यांकडे ताडपत्री कुठून असणार! दुसऱ्या दिवशी फाटकातून आत आलेल्या एका बंडीत बाबांनी हात घातला आणि तो ओला निघाला. पुढचं मी बाबांच्या तोंडून नाही, केंद्रावर हमाली करणाऱ्या शेजाऱ्याकडून ऐकलं. शेतकरी म्हातारा होता. तो म्हणाला, "साहेब, घरून आनला तवा कोरडा होता. तुमच्या रांगेत वला झाला." बाबा काही वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "मले जे दिसते तेच लिहा लागते, भाऊ." प्रत खाली लागली. म्हातारा भांडला नाही. बंडी काट्यावर नेली.

त्या रात्री पेटी उघडली ती सा-पवरच राहिली. तेवढ्यात रांगेतून खंजिरी ऐकू आली. बाबांनी पट्ट्या सोडल्या आणि कान दिला. भजन म्हणणाऱ्याची पट्टी पेटीच्या कुठल्या सुरावर बसते ते शोधू लागले. एक काळी दाबून पाहिली, मग शेजारची पांढरी. एक सापडली. मग ते भजन संपेपर्यंत त्यांनी तेवढा एकच सूर धरून ठेवला, अगदी हळू, खर्जाचा. पेटीचा आवाज रस्त्यापर्यंत जाण्यासारखा नव्हताच. तिकडे कुणाला काही कळलं नाही. भजन म्हणणारा तोच म्हातारा होता की दुसरा कुणी, हे बाबांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रती तशाच लागल्या, ओल्याला ओला आणि कोरड्याला कोरडा.

कॉलेजात गेल्यावर मी यावरून त्यांच्याशी नाही, पण आईशी भांडले. दुपारी माणसाच्या वर्षभराच्या घामाला एका शब्दात खाली घालायचं आणि रात्री त्याच्याच भजनाला सूर धरायचा, याला काय अर्थ आहे? मन हलकं करण्याची ही बरी सोय! आई भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "मंग काय करावं त्याईनं? तिथं जाऊन रडावं? का घरी येऊन आपल्याले मारावं?"

मी गप्प बसले, कारण आमच्या गल्लीत तसं होत होतं. दिवसभर कुणाचं तरी ऐकून घेतलेला माणूस संध्याकाळी कुठं जायचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. एका घरातून बाटलीचा वास यायचा, एका घरातून बाईचा आवाज. एका घरातली मुलं बापाच्या सायकलची घंटी ऐकून पुस्तक उघडून बसायची. आम्ही बापाच्या सायकलची घंटी ऐकून काही करत नव्हतो. बाबांचा हात आमच्यावर उठला नाही. ते फार शांत स्वभावाचे होते म्हणून नाही, संतापी होते. सकाळी बूट सापडला नाही तर घर डोक्यावर घ्यायचे. पण केंद्रावरचा दिवस त्यांनी उंबऱ्याच्या आत आमच्यापर्यंत येऊ दिला नाही. तो पेटीपाशी अडायचा. आम्ही तीन भावंडं त्या आडोशाला वाढलो हे कळायला मला माझा संसार आणि माझी नोकरी लागावी लागली.

पेटीबद्दल त्यांना एक जुना राग होता. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. परकं वाद्य, स्वर ठोकळेबाज, एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाता येत नाही, श्रुती नाहीत, असे आक्षेप. रवींद्रनाथांनाही पेटी आवडत नसे. गंमत अशी की त्याच काळात पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरीला होते, आणि पेटी वाजवण्यात त्यांचा हात धरणारे थोडे होते. हे सांगताना बाबा खुशीत यायचे. पण आक्षेप खोटा आहे असं ते कधी म्हणाले नाहीत. एकदा कागदाच्या पट्टीनं तंतू काढता काढता म्हणाले, "बरोबरच हाय त्याईचं. ह्या दोन पट्ट्यायच्या मधात बी सूर असते. गवई तो घेते. पेटीले घेता येत नाई. माह्या कामासारखंच हाय हे. कापूस दोन प्रतीच्या मधातला असते, अन् मले एक पट्टी दाबा लागते."

त्यांच्या तोंडून कामाबद्दल मी ऐकलेलं सगळ्यात लांब वाक्य हेच.

पुढे जिल्ह्याचं नाव पेपरात वेगळ्याच कारणानं येऊ लागलं. याच यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ ला बायको-मुलांसह जीवन संपवलं, ती पहिली जाहीर झालेली शेतकरी आत्महत्या मानतात आणि अलीकडे त्या तारखेला राज्यभर लोक अन्नत्याग करतात. नव्वदीच्या शेवटाला अशा बातम्या रोजच्या झाल्या. बाबा चष्मा लावून नाव आणि गाव वाचायचे. ओळखीचं गाव असलं की पेपर घडी करून ठेवायचे. त्या दिवसांत पेटी निघायची नाही. मी एकदा मुद्दाम चादर सोडून ती त्यांच्यापुढे ठेवली, तर म्हणाले, "राहू दे. हे तिच्या हातचं नाई." त्यांच्या या वाक्याची मला फार किंमत वाटते. ताण घालवायला वाद्य शिका, असं आता जिकडेतिकडे सांगतात, आणि ते खोटं नाही. पण ताण कुठला, हे आधी विचारावं. सावकाराचा आणि बँकेचा तगादा भूपानं थांबत नाही. ज्याच्या घरी चुकारा आलेला नाही त्याला खंजिरी द्या म्हणणं ही क्रूर थट्टा आहे. रांगेतल्या लोकांना खंजिरीनं रात्र काढायला मदत केली, भाव मिळवून दिला नाही. बाबांना हा फरक नीट कळत होता.

योजनेची सक्ती २००२ मध्ये सुटली, खासगी व्यापारी बाजारात उतरले. त्याच वर्षी बीटी कापसाला परवानगी मिळाली. बंड्यांच्या जागी ट्रॅक्टर-ट्रॉल्या आल्या, रांग गेली. बाबाही निवृत्त झाले. आता भुवयांवर रुई नव्हती आणि पेटीचे सूर मुके पडत नव्हते. ती महिनोन्‌महिने कपाटावर राहू लागली. आम्हाला वाटलं, बरं झालं.

निवृत्तीनंतर चार-पाच वर्षांनी त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली. वाचा शाबूत, उजवा हात शाबूत. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर ते दिवसभर छताकडे पाहत पडून असत. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याकडून सगळं करून घ्यावं लागत होतं. चिडचिड इतकी की आई ताट ठेवून बाहेर जाऊन बसायची. महिन्याभरानं त्यांनीच पेटी मागितली. ती समोर ठेवली, उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर गेली, आणि मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की भाता डाव्या हाताचा आहे.

मी पुढे सरकले. त्यांनी मान हलवली आणि आईकडे पाहिलं.

आईनं तोवर पेटीला फडकं मारण्यापलीकडे हात लावला नव्हता. ती त्यांच्या डाव्या बाजूला पदर खोचून बसली आणि असा काही भाता मारला की पेटी किंचाळली. "अवो, हळू," बाबा म्हणाले. "इतका वारा कोनाले पाहिजे?" ती हसली, मग तेही हसले. दवाखान्यातून आल्यानंतर घरात ऐकू आलेलं ते पहिलं हसू. भाता वरवर दिसतो तितका सोपा नाही. जोरात हाणला तर सूर फाटतो, सोडला तर विरतो. आतल्या पिशवीत हवा भरलेली राहील इतपतच, एकसारखं, ढील न देता. आईला ते आठ दिवसांत जमलं. तिनं पट्ट्यांकडे कधी पाहिलं नाही. ती त्यांच्या खांद्याकडे बघून भाता मारायची.

आणि एक वेगळीच गोष्ट झाली. बाबांच्या बोटांना चीड आली की ती पळायची, पूर्वीसारखीच. पण भाता आता त्यांचा नव्हता. आई तिच्या चालीनंच मारायची. तिची चाल संथ. बोटं कितीही धावली तरी सूर मिळायचा तेवढाच मिळायचा, आणि शेवटी बोटांना तिच्यापर्यंत मागं यावं लागायचं. आधीची सगळी वर्षं ती चुलीजवळ बसून त्यांचा दिवस नुसता ऐकत होती. आता तो तिच्या हातातून जात होता. काही दिवसांनी ते वाजवता वाजवता गुणगुणू लागले, अभंगाच्या चालीवर. लांब ओळ, मग श्वास, पुन्हा लांब ओळ.

माझी भाची फिजिओथेरपी शिकली. तिनं नंतर मला दोन गोष्टी सांगितल्या. इटलीत पाविया इथं लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असं दाखवलं होतं की जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणा की मंत्र म्हणा, म्हणणाऱ्याचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि त्या लयीत हृदयाचं आणि रक्तदाबाचं चक्रही चांगलं जुळून येतं. दुसरी, जर्मनीत २००७ च्या सुमारास लकवा झालेल्यांचा दुबळा हात पियानोच्या पट्ट्यांवर आणि ढोलाच्या पाट्यांवर चालवून त्यात सुधारणा पाहिली गेली होती. मी आईला हे समजावून सांगितलं. तिनं श्वासाचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे मले चुलीपाशी बसूनच कळत होतं." हाताचं ऐकून मात्र थोडा वेळ बोलली नाही. बाबांचा डावा हात पुढे थोडाफार हलला, मूठ मिटू लागली, पण भाता त्यांना कधी पेलला नाही. त्या दोघांनी तसं साडेतीन-चार वर्षं वाजवलं. मग दुसरा झटका आला, आणि तो दवाखान्यापर्यंतही थांबला नाही.

तेराव्यानंतर पेटीचं काय करायचं हा विषय निघाला. मोठा भाऊ पुण्याला, त्याला ती हॉलमध्ये काचेच्या कपाटात ठेवायची होती, खाली छोटासा दिवा लावून. मलाही ती हवी होती. का, ते मला धड सांगता येत नव्हतं. मला वाजवता येत नाही, माझ्या मुलाकडे हेडफोन लावून वाजवायचा की-बोर्ड आहे. तो वाजवतो तेव्हा शेजारच्या खोलीत मला फक्त प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची खटखट ऐकू येते. त्याचा दिवस कसा गेला ते भिंतीपलीकडे कुणाला कळत नाही. त्याला तेच बरं वाटतं, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला दुसरा इलाजही नाही. तरी मला ते आवडत नाही, हे इथं लिहून ठेवते.

आईनं दोघांचंही ऐकलं नाही. पावसाळा तोंडावर आला होता. तिनं एका सकाळी रिक्षा बोलावली आणि पेटी जवळच्या खेड्यातल्या भजनी मंडळाला देऊन आली. भाऊ फोनवर रडला. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. ती म्हणाली, "ते पूजा कराची वस्तू नोय. वारा नाई गेला तं सूर मरते तिचे." मी म्हटलं, निदान आम्हाला विचारायचंस. तर म्हणाली, "तुमाले कोनाले भाता मारता येते काय?"

यावर बोलण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. आई गेल्यालाही आता काही वर्षं झाली. त्या मंडळात मी मधूनमधून जाऊन येते. आठवड्यातून एकदा भजन असतं. खंजिरी, टाळ, ढोलकी आणि ही पेटी. भात्याचं कापड त्यांनी बदललं आहे, एक सुरी नवी बसवली आहे आणि ती बाकीच्यांपेक्षा किंचित चढी लागते. पेटी धरणारा तरुण दिवसा किराणा दुकानात मापाडी आहे, त्याला भूपसुद्धा धड येत नाही. मागं बसणाऱ्या म्हाताऱ्यांतले तिघं-चौघं कधीकाळी त्या रांगेत बंडी लावून बसलेले आहेत. पेटी कुणाची हे त्यांना माहीत आहे. त्यावरून कुणी मला एक शब्द बोललेलं नाही, चांगला नाही की वाईट नाही.

आईचं बरोबर होतं. दुसरा काही निकाल मला देता येत नाही.

तुमच्या घरी कपाटावर अशी एखादी पेटी चादरीत बांधून ठेवलेली असेल तर पाऊस संपल्यावर ती उतरवा. भात्याला उंदीर लागला आहे का पाहा, एकेक पट्टी दाबून बघा, मुका सूर निघाला तर तक्ता उचलून कागदाची पट्टी फिरवा, सुरीला कानस लावू नका. घरात कुणी वाजवणारं असेल तर उत्तमच, कसंही वाजवू दे. नसेल तर वाजवणाऱ्याला देऊन टाका, आणि तिची दुरुस्ती करणारा माणूस तुमच्या तालुक्यात अजून आहे तोवर द्या.